नवसाचे माप

शहाबादी फरशीवर मायलेकींच्या मधोमध नवा परकर पसरलेला होता आणि त्याच्या उसवलेल्या काठातून निघालेले दगड शेजारी पडले होते. रुळांच्या कडेला सापडतात तसले. काळे, कोनदार, हाताला धूळ लावणारे. सोजरने परकर पेटीतून उचलला तेव्हा तिला आधी वाटले, नव्या कापडाची खळ असेल. मग तो तिच्या हातात असा काही लोंबला, जणू झोपलेले मूल उचलले. काठाची दुमड चाचपताना बोटांना ते लागले. हिरव्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी कुणीतरी ते आत शिवून टाकले होते. ते कुणीतरी आता भिंतीला पाठ लावून बसले होते आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतली दुपार दाराशी येऊन थांबली होती. लांब कुठे कल्हईवाला ओरडत गेला.

"चांगू," सोजर म्हणाली, "मी रागावले न्हाय. नुसतं सांग. कशाला गं हे?"

चांगुणा दहा वर्षांची होती. अंगाने भरलेली, गोल हातांची. बसली की गुडघे दुमडायला तिला अंमळ वेळ लागे. एरवी तिच्याजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे. शाळेत पोरींनी 'भोपळा' म्हटले की ती त्यांच्या आधी हसे, आणि 'भोपळ्याची भाजी तुम्हांला मिळायची नाही' असे म्हणून मोकळी होई. ती हसायला इतकी तयार असे, की तिला काही लागत असेल हे सोजरच्या ध्यानातच आले नव्हते. आज मात्र ती हसली नाही. खालचा ओठ दातांत धरून बसली, आणि सोजरला वाटले, आपण विचारायला नको होते. उत्तर आले तर ते या दगडांहून जड असेल.

चांगुणाच्या आधी सोजरला एक मुलगा झाला होता. तो वर्षाचा व्हायच्या आत गेला. जाताना त्याचे मनगट तिच्या अंगठ्याएवढे उरले होते, आणि तेव्हापासून कुणाही लेकराचे बारीक मनगट दिसले की ती नजर वळवी. पुढे चांगुणा झाली. ती दुडदुडू लागली तोच तापाने धरली. अंगावरचे सारे बाळसे त्या तापाने वितळवून नेले. सोजर तिला कडेवर घेऊन माहेरी, दुधनीला आली. गावाबाहेरच्या माळावर लगमव्वाचे ठाणे आहे. चार दगडी पायऱ्या, शेंदूर, आणि वर आभाळ. तिथे पहिल्या पायरीवर लेकराला ठेवून ती म्हणाली होती, "हिला ठेव. दहाव्या वर्षी तुझ्या जत्रेत, चारचौघांदेखत, भरंल तेवढ्या गुळानं हिची तुला करीन." असल्या तुलेचा गूळ मामाने द्यायचा असतो आणि तराजूही मामानेच धरायचा असतो. म्हणून तिचा धाकटा भाऊ रुद्रप्पा, तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला, पुढे झाला आणि त्यानेही पायरीवर हात ठेवला. ताप उतरला. चांगुणा राहिली.

आणि मग सोजर तिला भरवू लागली. भाकरीवर तुपाचा गोळा, दुधात साखर, शेंगांची पोळी, सणाला गव्हाची हुग्गी, सण नसला तरी हुग्गी. मनगट भरले, दंडाला वळी पडली, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली. प्रत्येक वळीबरोबर सोजरला वाटे, मृत्यू एक पाऊल मागे सरकला. बहात्तर साली पाऊस रुसला आणि गावोगावची माणसे खडी फोडायला गेली. पेठेतल्या बायका नळावर चांगुणाकडे पाहून म्हणत, "हिला गं कुठल्या गिरणीचं पीठ लागतंय?" सोजरचा नवरा नागनाथ गिरणीत टाइमकीपर होता, घरात पगार येत होता, चूल विझत नव्हती. त्या बायकांच्या बोलण्याची सोजरला लाज वाटायला हवी होती. तिला आत खोलवर धीर वाटला. ती घरी येऊन लेकीची दृष्ट काढी आणि पुन्हा ताट वाढी.

गेल्या दिवाळीच्या सुमारास चांगुणा शाळेच्या जिन्यात धाप लागून मटकन बसली. गुडघे दुखतात म्हणून रडली. नागनाथ आणि सोजर तिला डॉक्टर इंगळगीबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी तिला पडद्याआड एकटीला नेऊन तपासले, बाहेर आल्यावर तिला अंगणातली मांजर बघायला धाडले, आणि मग दार लोटून आईबापांशी बोलल्या.

"हिला कमी करायचं नाही," त्या म्हणाल्या. "हिला उंच होऊ द्यायचं. वजन आहे तिथं राहिलं तरी पुष्कळ झालं. हिच्यासाठी वेगळं ताट करू नका. घरात सगळ्यांनी एकच जेवायचं. तूप कमी, गोड सणालाच. रोज हिच्याबरोबर चाला. हिला एकटीला पाठवू नका, बरोबर तुम्ही चला. आणि एक. घरात हिच्या अंगाविषयी कुणी बोलायचं नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही."

"चांगलंबी न्हाय?" सोजरने विचारले.

"चांगलंही नाही. ती काय करते ते बोला. कशी दिसते ते राहू द्या."

सोजरला हे सगळे पटले असे नाही, पण ती चालू लागली. संध्याकाळी मायलेकी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जात. आधी चांगुणा मागे रेंगाळे, मग बरोबरीने येऊ लागली, आणि पुढे पुढे कठड्यापर्यंत पळत जाऊन आईची वाट पाहू लागली. तिने दोरीवरच्या उड्या शिकून घेतल्या. अंगणात दोरी फरशीवर आपटल्याचा आवाज घरभर येई आणि नागनाथ वर्तमानपत्राआडून मोजी. थंडी सरता सरता एकदा तो म्हणाला, "पोरीचा परकर सैल झालाय बघ."

त्यावर सोजर जे बोलली, ते तिला आज या दगडांसमोर बसून शब्दन् शब्द आठवत होते. "हळू बोला," ती म्हणाली होती. "सैल होऊ दे की, पर जत्रा हुईतवर नको. नवस बोलले तवा भरंल तेवढं म्हनले मी. आता मुद्दाम कमी करून न्हेली तर देवीला मापात मारल्यासारखं हुईल. अन् मापात मारलेलं ती लेकरात वसूल करती." पलीकडच्या खोलीत चांगुणा शुद्धलेखन करीत बसली होती. बोरूचा करकर आवाज येत होता. तो मध्येच थांबला होता का? आठवत नव्हते.

शिवरात्रीनंतर रुद्रप्पा आला. दुधनीत आता त्याचे गुळाचे दुकान होते, आवाज दुकानाएवढाच मोठा होता. भाचीला जत्रेसाठी हिरवा इरकली परकर आणला, तिला समोर उभी केली आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "अक्का, घरातल्या तागडीला ही झेपायची न्हाय बग. आडतीवरचा पोत्याचा काटा आनावा लागतो. मामाला बुडवायचं ठरवलंय का गं चांगव्वा? गाव बघायला येनार हाय. मी सगळ्यांस्नी सांगून ठेवलंय." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने चांगुणा हसली. रात्रीचे जेवण तिने दोनदा वाढून घेतले.

त्यानंतर दोरीचा आवाज बंद झाला. तळ्याकडे जायचे म्हटले की पाय दुखत. गुळाचा डबा खाली जाऊ लागला. एकदा सोजरने तिला फडताळाच्या कोपऱ्यात उभी पाहिली. गुळाचा खडा तोंडात, डोळे घट्ट मिटलेले, काढा प्यावा तसा ती तो गिळत होती. सोजरला वाटले, चटावलीय पोर. तिने डबा वरच्या फळीवर ठेवला. तेवढेच.

"चांगू," ती पुन्हा म्हणाली.

"मापासाठी," चांगुणा म्हणाली.

"कसलं माप?"

"लगमव्वाचं. मी कमी झाले ना चालून चालून. मग तिला गूळ कमी जाणार. तू बाबांना सांगितलंस." तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात बाईंना उत्तर द्यावे तसा. "मी पुन्हा खाल्लं, पण तेवढी झाले का नाही कळत नाही. म्हणून दगड घातले. बसल्यावर कुणाला दिसले नसते."

ही पोर, जिला पोत्याच्या काट्यावर बसून गावाने बघायच्या कल्पनेने झोप येत नसेल, ती सुई-दोरा घेऊन स्वतःला आणखी जड करीत बसली होती. मरू नये म्हणून. आणि ही भीती तिला कुणी पाजली ते शोधायला दारापर्यंतसुद्धा जायला नको होते.

"येडी का काय," सोजर म्हणाली. "लगमव्वा असलं काय करत न्हाय."

चांगुणाने पहिल्यांदा मान वर केली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिले, डोळ्यांकडे, मग परकराचा काठ घट्ट धरून बसलेल्या हातांकडे. त्या हातांना थारा नव्हता.

"तुला पण भीती वाटते," ती म्हणाली. ती तक्रार करीत नव्हती. दिवेलागण झाली म्हणावे तसे तिने ते सांगितले, आणि सोजरला खोटे बोलता आले नाही.

संध्याकाळी नागनाथ कामावरून आला. त्याने दगड पाहिले, हातात घेऊन पाहिले, चहा निवू दिला. तो भला माणूस होता. संकट आले की ते लहान करून दाखवण्याची त्याला सवय होती. "बसेल की पाच मिनिटं," तो म्हणाला. "एकदा गूळ वाटला की सुटली पोर. मग चालाल, पळाल, काय ते करा."

"अन् त्या पाच मिनिटांत गाव हसंल ते?"

"मग नको करू या."

"अन् मग तिला ताप आला तर?"

नागनाथने कपाची कड पुसली. गिरणीत कुठल्या पाळीला कोण उशिरा आले ते तो सांगू शकला असता.

सोजर दुसऱ्या दिवशी एकटीच इंगळगीबाईंकडे गेली. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि पहिल्यांदा त्या चिडलेल्या दिसल्या.

"बाई, माझ्या काट्यावरसुद्धा मी तिला पडद्याआड घेते, आणि आकडा तिला सांगत नाही. तुम्ही तिला जत्रेत टांगणार? एवढ्या महिन्यांत ती जे काही सावरली ते एका सकाळी जाईल. पुन्हा ती कधी दोरी हातात धरायची नाही."

"मग देवीला काय सांगू?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "ते औषध माझ्याकडं नाही," त्या म्हणाल्या.

चैत्रात उन्हाने रस्ते पांढरे पडले आणि तिघे पॅसेंजरने दुधनीला निघाले. खिडकीतून कोरडी राने मागे पळत होती. कापलेल्या ज्वारीचे खुंट ओळीने उभे. चांगुणा दोघांच्या मधे बसली होती. वाटेत अक्कलकोट रोड स्टेशनवर नागनाथने शेंगा घेतल्या. तिने एक तोंडात टाकली, मग आईकडे पाहून दुसरी, मग तिसरी, आणि सोजरला कळेना, ही भुकेने खातेय, भीतीने, की आपल्याला बरे वाटावे म्हणून. जेवणासारखी साधी गोष्ट आपण कुठल्या रानात नेऊन सोडली, असे तिला वाटले. आता तिला परत घरी कसे आणायचे?

रुद्रप्पाचे घर दुकानामागेच होते. सोप्यात गुळाच्या ढेपा रचलेल्या, त्यांचा तो जड, गोडसर वास, माश्या. मधल्या आढ्याला नवा पाळणा टांगलेला होता, रिकामा. त्याची बायको सातव्या महिन्यात होती आणि उन्हाने थकून आत पडली होती. सोजर भावाला दुकानाच्या मागल्या दाराशी घेऊन गेली.

"रुद्रप्पा, माप घरात करू या. पहाटे. आपली आपल्यात. मग गूळ नेऊन वाटू देवळात."

तो आधी हसला. मग ती थट्टा करीत नाही हे पाहून हसायचा थांबला. "चारचौघांदेखत म्हनलीस की तू. माझ्या समोर म्हनलीस."

"पोर भेतीय."

"लेकरं भेत्यातच. बसली की हसंल. ती हसरी हाय."

"ती आधी हसती, रुद्रप्पा. लोकांनी हसायच्या आधी. तुला कळत न्हाय का ते?"

त्याला कळले नसावे. किंवा कळले, पण दुसरे काही त्याच्या मनात जास्त मोठे होते. त्याने आत पाळण्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला. इतका, की दुकानातला तो मोठा माणूस कुठे गेला असे तिला वाटले.

"अक्का, पायरीवर माझाबी हात हाय. तू नवस मोडून सोलापूरला जाशील. मी हितं ऱ्हानार, तिच्या वेशीत. माझ्या घरात पाळना हलायचाय. तवा तिनं माझ्याकडं मागितलं तर मी कुटं जाऊ?"

सोजरला त्याच्यावर रागवायचे होते. पण तो तिच्याच बोलीत बोलत होता, तिच्याच भीतीने. जणू तिने स्वतःलाच मागल्या दारी बोलावून घेतले होते. ती माघारी फिरली. सोप्यात चांगुणा पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती. तिने ऐकले होते की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. आताशा तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेनासे झाले होते, आणि हे सोजरला सगळ्यात जास्त भिववीत होते.

जत्रेच्या सकाळी माळ माणसांनी भरला. नारळांची दुकाने, बत्तासे, रेवड्या, लाकडी पाळणे, पिपाण्या. मराठीत घासाघीस, कानडीत शिव्या. ठाण्यासमोर तीन वाशांची तिकटी उभी केली होती आणि तिच्यातून आडतीवरचा तराजू लोंबत होता. पारडी बैलगाडीच्या फळ्यांएवढी रुंद, साखळ्या गंजलेल्या. वारा आला की रिकामी पारडी एकमेकांना विचारल्यासारखी हलत. रुद्रप्पाने नवा फेटा बांधला होता. ढेपा पोत्यावर मांडून ठेवल्या होत्या आणि भोवती कडे पडले होते. म्हातारे पुढे, बाया पदर डोक्यावर धरून, पोरे मोठ्यांच्या पायांतून मुंडकी काढून.

"हीच व्हय ती?"

"सोलापूरची. लई दांडगी दिसती की."

"चार ढेपा तरी जातील बग."

"चार? पाच म्हन. पैज लाव."

हे सगळे हसतमुख होते. कुणाच्या मनात वाईट नव्हते. आणि तेच भयंकर होते, की त्यांना अडवायला जागा नव्हती. चांगुणा हिरव्या परकरात उभी होती. तिने ओठ हसण्यासाठी फाकवले. सोजरने ते पाहिले. डोळे कोरडे, ताठ, आणि ओठ तेवढे फाकलेले. ताप चढलेल्या त्या दिवसात हिचे ओठ असेच फाकले होते, आणि आपण तिला या पायरीवर ठेवले होते.

पुजारी पुढे झाला. पारड्यावर हळद-कुंकू टाकले, देवीकडे हात जोडले. "कोन बसनार? या," तो म्हणाला.

रुद्रप्पाने भाचीसाठी हात पुढे केला. चांगुणाने एक पाऊल टाकले. आणि सोजर तिच्या पुढे झाली. तिने काही ठरवले होते असे नव्हते. निदान पुढे कधी विचारले असते तर तिला तसे सांगता आले नसते. ती चालत पारड्यापाशी गेली, निऱ्या सावरल्या, वळली आणि फळीवर बसली. साखळ्या करकरल्या.

"अक्का," रुद्रप्पा म्हणाला. त्याच्या हातात ढेप तशीच होती. "काय करतीस?"

"गूळ घाल."

"नवस पोरीचा हाय."

"नवस माझा. मी बोलले, माझ्या तोंडानं. तिला कुणी इचारलं न्हवतं. तिच्यापरास मी जड हाय, देवीला काय कमी पडायचं न्हाय. घाल."

कड्यात कुजबूज उठली. "अगं बया, पोरीऐवजी आईच." "धाकटी कोन अन् थोरली कोन हो ह्यांच्यात?" कुणीतरी खाकरले, कुणी मोकळेपणाने हसले. नागनाथ गर्दीच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा होता, तो पुढेही आला नाही आणि मागेही गेला नाही. रुद्रप्पाने पुजाऱ्याकडे पाहिले. पुजाऱ्याने देवीकडे पाहिले. शेंदरावरचे चांदीचे डोळे उन्हात लखलखत होते. त्यांत होकार दिसत नव्हता आणि नकारही.

रुद्रप्पाने ढेप ठेवली. मग दुसरी. तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता. पारडे हलले, सोजरच्या टाचा जमिनीवरून सुटल्या, मग चवडे. तिने साखळी धरली. अधांतरी टांगलेल्या माणसाला आपले अंग किती असते हे पहिल्यांदा समजते, तसे तिला समजले. सगळ्यांचे डोळे तिच्या दंडांवर, पोटावर, लोंबणाऱ्या पायांवर होते. कुणी ढेपा मोजत होते. तिचे कान तापले. ही लाज, आणि आपण ती या लेकराला द्यायला निघालो होतो. त्याखाली आणखी काही होते, थंडगार, फार जुने: त्या चांदीच्या डोळ्यांना हा व्यवहार मान्य नसला तर?

कड्यातून चांगुणा पुढे आली. ती पारड्याच्या अगदी जवळ उभी राहिली. आईचे गुडघे तिच्या कमरेशी येत होते.

"आता ती तुला नेईल?" तिने हळूच विचारले.

"न्हाय."

"कशावरून?"

पलीकडे आणखी एक ढेप पडली. पारडे वर उचलले गेले, हेलकावले, आणि सोजर वळून लेकीकडे तोंड करून थांबली. पुजारी मंत्र म्हणू लागला होता. तो संपेपर्यंत तिला उतरता येणार नव्हते.

"माझ्याकडं बग," ती म्हणाली. तिने साखळीवरचा एक हात सोडला आणि मांडीवर ठेवला. "नीट बग. भ्याल्यावानी दिसतीय का मी?"

चांगुणाने पाहिले. आईचे डोळे, कपाळावरचा घाम, मांडीवर स्वस्थ पडलेला हात. एकेक करून, घाई न करता, तिने सगळे पाहिले. मग तिने मान फिरवली. गर्दीने तिला वाट दिली, आणि ती लाकडी पाळण्यांच्या बाजूला, जिथे पोरे ओरडत होती तिकडे चालत गेली.